त्वचारोगावरची क्लिनिकल ट्रायल शोधायची कशी आणि त्यात सहभागी व्हायचं की नाही?

सोलापूर-धुळे महामार्गावरून येरमाळ्याच्या पुढे निघालात की तेरखेडा लागतं. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातलं हे गाव फटाक्यांसाठी राज्यभर ओळखलं जातं. फटाक्यांचं गाव म्हटलं की भाजण्याची भीती आलीच. आणि भाजलेल्या कातडीवरची एक जगभर गाजलेली चाचणी याच महामार्गाच्या खालच्या टोकाला, सोलापुरात झाली होती, हे फार कमी जणांना माहीत असतं.

सोलापूरच्या मेडिकल कॉलेजमधले सर्जन डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांचे दोन गट केले. ५२ जणांच्या जखमेवर मध लावला, ५२ जणांना तेव्हा सर्रास वापरलं जाणारं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम. १९९१ मध्ये ब्रिटनच्या एका शस्त्रक्रियाविषयक नियतकालिकात निकाल छापून आले: मधाच्या गटात ८७ टक्के जखमा १५ दिवसांत भरल्या, मलमाच्या गटात १० टक्के. पुढे जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षेत भाजलेल्या जखमांच्या भागात या सोलापूरच्या कामाचा मोठा वाटा होता. मात्र त्याच समीक्षकांनी हेही नोंदवलं की बरेचसे आकडे एकाच केंद्रातून आलेत, दुसरीकडे तसेच निकाल येतील याची खात्री नाही. (म्हणून भाजल्यावर घरातली मधाची बाटली उघडू नका. आधी वाहतं साधं पाणी, मग दवाखाना.)

क्लिनिकल ट्रायल म्हणजे हेच. कोणता उपचार चांगला हे खरंच माहीत नसतं, म्हणून माणसांवर, त्यांच्या परवानगीनं, मोजून पाहायचं.

त्वचेच्या आजारात याची गरज का पडते?

गजकर्ण किंवा नायट्याचंच घ्या. घामाचे दिवस, ओले कपडे, एकाच घरात चौघांना खाज. गोळ्या घेऊनही परत येतो अशी तक्रार गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर वाढली. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातल्या त्वचारोग विभागानं २०० रुग्णांना चार गटांत वाटून चार नेहमीच्या गोळ्या आठ आठवडे दिल्या. इट्राकोनाझोलनं ६६ टक्के बरे झाले, फ्लुकोनाझोलनं ४२, टर्बिनाफिननं २८ आणि ग्रिसिओफुल्विननं फक्त १४ टक्के. टर्बिनाफिन हे वर्षानुवर्षं भरवशाचं औषध मानलं जायचं. ते २०० जण तयार झाले नसते तर हा आकडा कुणाकडेच नसता.

सोरायसिसचंही तसंच. इटोलिझुमॅब हे इंजेक्शन भारतात विकसित झालं, २२५ भारतीय रुग्णांवरच्या चाचणीनंतर २०१३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. याउलट कोडावरचं रुक्सोलिटिनिब क्रीम अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं, पण त्याच्या मुख्य चाचण्या उत्तर अमेरिका आणि युरोपात झाल्या. आपल्या रंगाच्या कातडीवर काय होतं हे आपल्याकडे मोजल्याशिवाय नीट कळत नाही.

शोधायचं कुठे?

भारतात माणसांवरच्या चाचण्यांची एक सरकारी नोंदवही आहे: क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय. आयसीएमआरच्या दिल्लीतल्या संस्थेनं ती २००७ मध्ये सुरू केली. ती इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुली आहे, लॉगिन लागत नाही. १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिथे सक्तीची आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याच्या आधीच नोंद करावी लागते.

अडचण भाषेची आहे. सगळं इंग्रजीत, तेही डॉक्टरी इंग्रजीत. ‘नायटा’ टाकून काही सापडणार नाही. नायट्यासाठी टिनिया, कोडासाठी व्हिटिलिगो, अंगावर पित्त उठण्यासाठी अर्टिकेरिया, इसबासाठी एक्झिमा किंवा डर्मटायटिस असे शब्द इंग्रजीत टाकायचे. प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांनी लिहिलेलं नाव तसंच्या तसं टाकलंत तर उत्तम.

यादी आली की आधी ‘रिक्रूटमेंट स्टेटस’ बघा. ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ असेल तरच पुढे वाचा, बाकी ‘कम्प्लीटेड’ आणि ‘क्लोज्ड’ बऱ्याच दिसतील. मग चाचणीच्या जागा बघा, कारण मुंबई किंवा पुण्याला दर पंधरा दिवसांनी जाणं तेरखेड्याहून झेपेल का, हा पहिला व्यवहारी प्रश्न. त्यानंतर कोणाला घेणार आणि कोणाला नाही याच्या अटी. चौकशीसाठी व्यक्तीचं नाव आणि फोनही असतो, तो सामान्य माणसासाठीच दिलेला असतो. फोन करायला लाजू नका.

एक मात्र लक्षात ठेवा. सीटीआरआयवर नंबर आहे म्हणजे सरकारनं औषधाला पसंती दिली, असं नाही. ती फक्त नोंद आहे.

दुसरा रस्ता साधा आहे. सोलापूर, लातूर, अंबाजोगाई, धाराशिव इथली सरकारी मेडिकल कॉलेजं गाठायची आणि त्वचारोगाच्या ओपीडीत विचारायचं. एमडी करणाऱ्या डॉक्टरांना प्रबंध लिहावा लागतो, आणि त्यासाठी दोन उपचारांची तुलना करणाऱ्या छोट्या चाचण्या बऱ्याच ठिकाणी चालतात.

जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब बरोबर न्या. मेडिकलमधून स्वतःच आणलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं बऱ्याच जणांच्या घरात असतात. अनेक चाचण्यांत अशी औषधं काही आठवडे बंद ठेवल्यावरच घेतात. लपवलंत तर निकाल बिघडतो आणि तुमच्या जिवालाही धोका.

चिठ्ठी कोणत्या गटाची निघणार?

इथे बहुतेकांची गाडी अडते. गट डॉक्टर ठरवत नाहीत, तुम्हीही नाही, संगणक ठरवतो. तुम्हाला नवं औषध मिळेल, जुनं मिळेल, किंवा औषध नसलेलं दिसायला तसंच मलम.

याची किंमत काय असू शकते हे धाराशिव जिल्ह्यानं पाहिलंय, जरी तो आजार कातडीचा नव्हता. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचणीत घेतलं. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि टाटा मेमोरियल त्यात होतं. तीन गटांची वेगवेगळ्या पद्धतीनं तपासणी झाली, चौथ्या गटाची झाली नाही. २००९ मध्ये निकाल आला. एचपीव्ही तपासणी झालेल्या ३४,१२६ महिलांपैकी ३४ जणी या कर्करोगानं गेल्या, तपासणी न झालेल्या ३१,४८८ पैकी ६४. एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्मे होतात हे जगाला या जिल्ह्यातल्या बायकांमुळे कळलं. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर नंतर बरीच टीका झाली आणि ती गैरवाजवी नव्हती असं आम्हाला वाटतं.

म्हणून सही करण्याआधी थेट विचारा: दुसऱ्या गटाला काय मिळणार? माझा त्रास वाढला तर मधेच दुसरा उपचार देणार का? चाचणी संपल्यावर औषध मिळत राहणार की नाही?

कागद नीट वाचा

२०१९ च्या नव्या औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमांनुसार माहितीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीत मिळालं पाहिजे. ते घरी न्या, वाचून घ्या, घरच्यांशी बोला. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्णवेळ हजर लागतो. सही केलेल्या कागदाची प्रत तुमच्याकडे राहते. अगदी नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल परिस्थितीतल्या माणसाची संमती घेताना व्हिडिओ करतात. कुष्ठरोग आणि एचआयव्हीच्या औषधांसाठी मात्र फक्त आवाज रेकॉर्ड करायचा असा नियम आहे, चेहरा दिसू नये म्हणून.

संमतीपत्रात वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारतात. तिथे लोक दचकतात. ‘मरायचंय का मी?’ ते नुकसानभरपाईसाठी असतं. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र ८ लाख रुपयांच्या मूळ रकमेवरून, वय आणि आजाराची जोखीम धरून मोजलं जातं. सात वर्षांवरच्या मुलांसाठी पालकांच्या सहीबरोबर मुलाचीही तयारी विचारावी लागते.

पैसे? चाचणीच्या औषधाचे आणि जादा तपासण्यांचे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. येण्याजाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी मिळेल का ते एथिक्स कमिटीनं मान्य केलेल्या कागदात लिहिलेलं असतं. ‘ट्रायलमध्ये नाव घालतो, पाच हजार भरा’ असा व्हॉट्सॲप मेसेज आला, किंवा सीटीआरआय नंबर विचारल्यावर समोरचा टाळाटाळ करू लागला, तर विषय तिथेच संपवा. हा नंबर सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि आकडे अशा क्रमानं असतो. तो साइटवर टाकून दोन मिनिटांत खरं-खोटं करता येतं.

मधेच सोडायचं असेल तर कारण न देता सोडता येतं, आणि त्यामुळे त्या दवाखान्यातले तुमचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. फक्त अचानक गायब होऊ नका. काही गोळ्या हळूहळू कमी कराव्या लागतात, म्हणून माहितीपत्रावरच्या नंबरवर एक फोन करून डॉक्टरांना सांगा आणि शेवटची तपासणी करून घ्या.