दिल्लीवरून गेलेली राख

२४ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री दिल्लीच्या आकाशात इथिओपियातली राख आली होती, आठवतंय? आदल्याच दिवशी अफार प्रांतातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता. गेल्या सुमारे १२ हजार वर्षांत त्याच्या उद्रेकाची नोंदच नव्हती. राख सुमारे १४ किलोमीटर उंच गेली आणि तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून इकडे पोहोचली.

आपण दिल्लीकरांनी दोनच गोष्टी विचारल्या: विमान उडणार का, आणि हवा आणखी बिघडणार का? काही विमानं रद्द झाली, कारण राखेचे कण इंजिनात वितळून चिकटतात. राख मात्र उंचावरूनच चीनकडे निघून गेली.

अफदेराजवळच्या पशुपालकांकडे ती कुरणांवर बसली. माणसं वाचली, पण गुरांनी खायचं काय?

आपला महाराष्ट्रही लाव्ह्यानेच घडवला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या थरांत अजिंठा-वेरूळ कोरलं गेलं. तोच खडक झिजून कापसाची काळी माती झाली. ज्वालामुखीची जमीन सुपीक असते, हे खरंच. पण त्याला युगं लागतात, आणि गुरांना चारा आज लागतो.