मूठभर तांदळाची शाळा

पोर्तुगीज अमदानीत गोमंतकातील सरकारी शिक्षण मुख्यत्वे पोर्तुगीज भाषेतून चाले. मराठीची जोपासना देवळांच्या अग्रशाळांत व खासगी शाळांत होई. पणजीस १९०८ साली मुष्टिफंड संस्था उदयास आली. घरोघरी रोजच्या तांदळातून एक मूठ बाजूस काढावी व त्यावर शाळा चालवावी, हीच त्या नावामागील कल्पना. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना नागरी समानता लाभली. तरीही मराठी विद्येचा भार बव्हंशी समाजानेच वाहिला. एकाच धनिकाच्या देणगीवर उभी राहिलेली शाळा त्याच्या घराण्याची ठरते. मूठ मात्र गरिबालाही परवडते, म्हणून अशा शाळेवर प्रत्येक चुलीचा हक्क राहतो. त्या अनामिक गृहिणींचे ऋण महाजन कुटुंबांनी विसरू नये.