डांबराच्या गोळीपासून साउंड कार्डापर्यंत: घरच्या घरी गॅमा स्पेक्ट्रोस्कोपी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना केलेली थोडी पाल्हाळ कापली आहे, सगळी नाही.

गायगर काउंटर पाहिला नसला तरी त्याची टकटक तुम्ही सिनेमात नक्की ऐकली असेल. ते यंत्र सांगतं ‘किती’. पण प्रश्न बऱ्याचदा ‘कोणतं’ असा असतो. २८ एप्रिल १९८६ ला स्वीडनमधल्या फॉर्समार्क अणुवीजकेंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे धोक्याची घंटा वाजली. आधी वाटलं आपल्याच केंद्रातून गळती झाली. मग त्या धुळीत कोणकोणती मूलद्रव्यं आहेत हे तपासलं, तेव्हा कळलं की ती बाहेरून आली आहेत, आणि बॉम्बची नाहीत, अणुभट्टीची आहेत. त्याच संध्याकाळी सोव्हिएत सरकारला चेर्नोबिलचा अपघात जाहीर करावा लागला. नुसती टकटक मोजून हे कधीच कळलं नसतं. गॅमा किरण सोडणारा प्रत्येक किरणोत्सारी अणू ते ठरावीक ऊर्जेचेच सोडतो आणि ती ऊर्जा मोजली की त्या अणूचं नाव कळतं. यालाच गॅमा स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. आज हे काम जेवणाच्या टेबलावर होऊ शकतं. इथवर कसं पोहोचलो, ते आज सांगतो.

सुरुवात अंधारापासून करू या. १९०३ मध्ये विल्यम क्रुक्स यांच्या लक्षात आलं की झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अल्फा कण आदळला की एक बारीकशी ठिणगी दिसते. मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन या ठिणग्या डोळ्यांनी मोजत. आधी अंधाऱ्या खोलीत बसून डोळे सरावू द्यायचे, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एक, दोन, तीन... थोड्या वेळात नजर थकायची. अणूला केंद्रक असतं हा शोध या मोजणीवर उभा आहे. गायगर यांनी पुढे आपोआप मोजणारं यंत्र बनवलं यात मला नवल वाटत नाही. इतका वेळ अंधारात बसलेला माणूस दुसरं काय करणार!

गायगरच्या नळीचा एक दोष मात्र होता, आणि तो आजही आहे. किरण अशक्त असो की जबरदस्त, नळी टक्क असा एकसारखाच आवाज देते. ठिणगीचं तसं नाही. जितकी ऊर्जा, तितकी ठिणगी मोठी. म्हणून पुढचा रस्ता पुन्हा ठिणगीकडे वळला, फक्त डोळ्याच्या जागी दुसरं काहीतरी हवं होतं. ते मिळालं १९४४ मध्ये. मॅनहॅटन प्रकल्पासाठी बर्कलीत काम करणाऱ्या सॅम्युएल करन आणि बेकर यांनी झिंक सल्फाइडच्या पडद्यासमोर फोटोमल्टिप्लायर नळी ठेवली. प्रकाशाचा एवढासा कण या नळीत शिरला की विजेचा चांगला मोजता येण्याजोगा झटका बाहेर पडतो.

पण झिंक सल्फाइडचा थर पातळ, आणि गॅमा किरण त्यातून सरळ आरपार जातो. त्याला अडवायला जाड आणि पारदर्शक पदार्थ हवा. इथे येतात हार्टमुट काल्मान. ज्यू घराण्यात जन्मलेला हा जर्मन शास्त्रज्ञ, नाझींनी १९३३ मध्ये त्यांना संस्थेतून काढलं, पण बर्लिनमध्येच राहून ते कसेबसे वाचले. युद्धानंतरच्या उद्ध्वस्त बर्लिनमध्ये रसायनं कुठून आणायची? त्यांनी नॅफ्थलीन वापरलं. म्हणजे आपल्या आजीच्या ट्रंकेत साड्यांच्या घड्यांमध्ये असायच्या, त्या डांबराच्या गोळ्या! गोळ्या वितळवून त्यांनी पारदर्शक ठोकळा केला, फोटोमल्टिप्लायरला लावला, आणि १९४७ मध्ये गॅमा किरणांच्या ठिणग्या मोजल्या. या सगळ्या कथेत मला सर्वांत आवडणारा माणूस हाच. हौशी लोकांचा मूळपुरुष कोणी असेल तर तो काल्मान, असं मी मानतो.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत प्रिन्स्टनला रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी सोडियम आयोडाइडमध्ये चिमूटभर थॅलियम घातलं. या स्फटिकाचा प्रकाश नॅफ्थलीनपेक्षा कितीतरी जास्त, आणि आयोडीनचा अणू जड असल्यामुळे गॅमा किरण अडवण्यातही तो वरचढ. १९५० च्या सुमारास हॉफस्टॅटर आणि मॅकइंटायर यांनी दाखवलं की या ठिणग्यांची उंची मोजून आलेख काढला तर प्रत्येक ऊर्जेला वेगळं शिखर दिसतं. हॉफस्टॅटर यांना १९६१ चं नोबेल मिळालं ते दुसऱ्याच कामासाठी. पण पंचाहत्तर वर्षं उलटली तरी जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांचा हा स्फटिक अजून चालू आहे.

मग तो घरात कसा आला? दवाखान्यांतले जुने गॅमा कॅमेरे, तेलविहिरी तपासायची उपकरणं मोडीत निघाली की त्यातले स्फटिक जुन्या बाजारात येतात. महाग होता तो आलेख काढणारा ‘मल्टिचॅनल अ‍ॅनलायझर’. इथे कोणाच्या तरी डोक्यात फार साधी गोष्ट आली. झटक्याची उंची मोजून आकड्यात लिहायची, एवढंच ना? मग माइकच्या भोकातून येणारा आवाज संगणकाचं साउंड कार्ड तेच तर करतं! फक्त झटका साउंड कार्डाला पकडता येईल इतका लांबवावा लागतो. सिडनी विद्यापीठातून आलेलं ‘पीआरए’, इटलीतल्या मंडळींचं ‘थेरेमिनो’ अशी मोफत सॉफ्टवेअरं निघाली आणि लाखांचं काम हजारांत आलं. आता तर सीझियम आयोडाइडचा छोटा स्फटिक आणि फोटोमल्टिप्लायरच्या जागी सिलिकॉनची चकती असलेली खिशात मावणारी यंत्रंही मिळतात.

‘सुरुवात कशानं करू?’ असं बरेच श्रोते विचारतात. मी म्हणेन, कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जुना सोडियम आयोडाइड घेताना दहादा विचार करा. हा स्फटिक मिठासारखा हवेतलं पाणी ओढतो. त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डबीचं सील जरा ढिलं झालं की एका पावसाळ्यात तो पिवळा पडतो आणि मग त्याचा उपयोग संपतो. सीझियम आयोडाइड त्या मानानं सोशीक. दुसरं, फोटोमल्टिप्लायरला ६०० ते १००० व्होल्ट लागतात. तिथे वीज चालू असताना बोटं घालायची नाहीत, आणि चालू नळीवर उजेडही पडू द्यायचा नाही.

किरणोत्सारी वस्तू विकत आणायची गरज नाही, आणि कुठून तरी ‘सोर्स’ पैदा करायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. कृषी सेवा केंद्रात मिळणारं पोटॅश खत घ्या, म्युरेट ऑफ पोटॅश. त्याच्या एका किलोत दर सेकंदाला साधारण १५ हजार पोटॅशियम-४० चे अणू फुटतात आणि त्यातल्या दहा टक्क्यांहून थोड्या जास्त अणूंमधून १४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण निघतो. पिशवीशेजारी यंत्र रात्रभर ठेवलं की सकाळी आलेखाच्या उजव्या बाजूला एकटा डोंगर उभा असतो. तो १४६१ वर बसवायचा, ही तुमची पहिली मोजपट्टी. खोलीचं तापमान बदललं की शिखरं सरकतात, म्हणून ही जुळवणी अधूनमधून पुन्हा करावी लागते.

दुसरी मोजपट्टी म्हणजे गॅसबत्तीची जाळी. आउअर फोन वेल्सबाख यांनी १८९१ मध्ये ती ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सीरियम ऑक्साइड अशी बनवली. मग जगाला थोरियम हवं झालं, आणि १९०९ मध्ये शोम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं. पुढे १९५५ मध्ये ट्रॉम्बेला थोरियमचा कारखाना निघाला, तोही सुरुवातीला या जाळ्यांसाठी थोरियम नायट्रेट पुरवत असे. वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालणाऱ्या माणसाला याचा पत्ताही नसेल. जुनी जाळी असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करूनच हाताळा, तिची राख श्वासात जाता कामा नये. तिच्या आलेखात २३९, ५८३, ९११ आणि पार टोकाला २६१४ अशी थोरियमच्या वंशावळीतली शिखरं मिळतात.

ओळखीच्या वस्तूंत मला सर्वांत मजा आली ती स्वयंपाकघरात. आपला दख्खनचा काळा पाषाण या बाबतीत अगदी थंड, ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम त्याहून बरंच जास्त. माझं यंत्र ओट्यावरच्या पॉलिश ग्रॅनाइटवर ठेवलं की तीच शिखरं ठळक होतात. घाबरायचं कारण नाही, पोळ्या खुशाल लाटा.

आता जिथे खरोखर जपायला हवं ते. फुकुशिमाच्या अपघातानंतर जपानमध्ये सामान्य लोकांनी स्वतःच्या प्रयोगशाळा काढल्या. इवाकी शहरात तर २०११ च्या नोव्हेंबरमध्ये आयांनी पुढाकार घेऊन एक उभी केली. मुलांच्या ताटातल्या भाताचा, भाजीचा भरवसा सरकारी आकड्यांवर सोडायचा नाही, हा त्यांचा निर्धार होता. एप्रिल २०१२ पासून तिथे सर्वसाधारण अन्नात किलोमागे १०० बेकरेल सीझियमची मर्यादा आहे. पण मेख बघा. सीझियम-१३४ चं शिखर ६०५ वर, सीझियम-१३७ चं ६६२ वर. आणि जगातल्या कुठल्याही मातीत असणाऱ्या रेडॉनचं अपत्य बिस्मथ-२१४, त्याचं ६०९ वर. सोडियम आयोडाइडच्या आलेखात या भागात प्रत्येक शिखराची रुंदीच पन्नासच्या आसपास असते. म्हणजे ६०५ आणि ६०९ त्याला वेगळे दिसणारच नाहीत, आणि ६६२ चा पायथाही त्यांच्यात मिसळतो. घाईत आलेख वाचला तर साध्या मातीच्या भांड्यात सीझियम ‘सापडतं’, शेतकऱ्याचा माल पडून राहतो. उलट चूक झाली तर मूल ते अन्न खातं. मोठ्या प्रयोगशाळा यासाठी जर्मेनियमचे शोधक वापरतात. त्यांची शिखरं सुईसारखी बारीक असतात, पण त्यांना अतिशय थंड ठेवावं लागतं, आणि किंमतही तशीच.

घरगुती यंत्रवाल्यानं काय करायचं? एकट्या शिखरावर विश्वास ठेवायचा नाही, त्याचे सोबती शोधायचे. बिस्मथ असेल तर ११२० आणि १७६५ वरही शिखरं हवीत, आणि शेजारी शिसं-२१४ ची २९५, ३५२. सीझियम-१३४ असेल तर ७९६ वर जोडीदार हवा.

हे पडताळायला पावसाळा उत्तम. जोराची सर येऊन गेली की गाडीचं बॉनेट कागदी रुमालानं पुसून तो लगेच यंत्राला लावा. पावसानं हवेतून खाली आणलेली रेडॉनची अपत्यं त्यात असतात आणि ६०९ वर छान उंचवटा येतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा आलेख अर्ध्या-अर्ध्या तासानं वेगळा साठवला. शिसं-२१४ चं अर्धआयुष्य सुमारे २७ मिनिटं, बिस्मथ-२१४ चं २० मिनिटं, त्यामुळे दर वेळी उंचवटा जवळपास निम्मा होत गेला आणि तीन तासांनी रुमाल म्हणजे नुसता रुमाल उरला. सीझियम-१३७ चं अर्धआयुष्य ३० वर्षं आहे, ते असं विरून जात नाही.