‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची संहिता : कागद आणि ध्वनिफीत

कृतीची संहिता कागदावर असते, हे पाठचिकित्सेत बहुधा गृहीत धरले जाते. ‘क्वीन’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या १९७५ मधील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या लोकप्रिय गीताचा रचना-इतिहास या गृहीतास छेद देतो.

गीताचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारोख बलसारा, हा झांजिबार येथे जन्मलेला पारशी. त्याचे शालेय शिक्षण व पियानोचे आरंभीचे धडे पाचगणीस झाले. गीताचे कच्चे मसुदे २०२३ मध्ये लंडन येथील लिलावाच्या निमित्ताने प्रकाशात आले. एका विमान कंपनीच्या छापील कागदांवर ते लिहिलेले असून, शीर्षकात प्रथम ‘मंगोलियन’ शब्द योजून तो खोडलेला व तेथे ‘बोहेमियन’ लिहिलेले आढळते. यावरून, विशेषण निश्चित होण्यापूर्वीच ‘ऱ्हॅप्सडी’ची, म्हणजे मुक्त व बहुखंडी रचनेची, कल्पना कर्त्याच्या मनात स्थिर झाली होती असे अनुमान करता येते.

स्वररचनेची रूढ स्वरलिपी मात्र त्याने सिद्ध केली नव्हती. वाद्यवृंदातील सहकारी ब्रायन मे याच्या सांगण्यानुसार, स्वरांची अक्षरनामे गटागटाने मांडलेले चिटोरे घेऊन मर्क्युरी स्टुडिओत येत असे. हे चिटोरे म्हणजे केवळ स्मरणाचे साधन होते. रचना प्रत्यक्षात आकारास आली ती ध्वनिमुद्रणात.

हे काम ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झाले. निर्माता रॉय थॉमस बेकर याच्यापाशी २४ मार्गांची ध्वनिफीत होती. मधल्या ऑपेरासदृश खंडात समूहगायनाचा भास होतो. तथापि तेथे मर्क्युरी, मे व रॉजर टेलर असे तिघेच गायले आहेत. त्यांचे आवाज पुनःपुन्हा मुद्रित करावयाचे, अनेक मार्ग एकत्र मिसळून एका-दोन मार्गांवर उतरवावयाचे आणि रिकाम्या मार्गांवर पुन्हा गावयाचे, अशी ही पद्धती होती. एकदा मिसळलेले आवाज त्या काळी सुटे करता येत नसत. म्हणून प्रत्येक मिश्रण हा पाठनिर्णयच ठरे. हा खंड मूळ योजनेपेक्षा वाढत गेला, आणि सततच्या वापराने फीत इतकी झिजली की तिच्यातून उजेड दिसू लागला, असे संबंधितांनी सांगितले आहे.

सिद्ध झालेले गीत ५ मिनिटे ५५ सेकंदांचे होते. ते आखूड करावे हा आग्रह वाद्यवृंदाने मानला नाही. या नकाराचे कारण रचनेतच शोधता येते. गीतास ध्रुवपद नाही. एखादी पुनरावृत्ती गाळून लांबी कमी करण्याची सोय त्यामुळे उरत नाही. कोणताही खंड वगळणे म्हणजे पाठच बदलणे होते. ऑक्टोबर १९७५ च्या अखेरीस गीत अखंड स्वरूपात प्रकाशित झाले आणि ब्रिटनमध्ये सलग ९ आठवडे अग्रस्थानी राहिले.

सारांश, मसुद्याचे मोल कर्त्याचा मूळ संकल्प कळण्यापुरते आहे; प्रमाण पाठ ध्वनिफितीवरचाच होय. ध्वनिमुद्रित गीताची चिकित्सा केवळ त्याच्या छापील शब्दांवरून करणे, म्हणूनच, अपुरे ठरते.