टेड किड लुईस आणि १५४ मते

मंडळी, मुष्टियुद्धावर बोलायला युनियनवाला कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. पण टेड किड लुईस हा कामगारवस्तीतला गडी. लंडनच्या पूर्व भागात, गोदी कामगार आणि शिंपी यांच्या दाटीवाटीच्या वस्तीत, १८९३ साली एका ज्यू कारागिराच्या घरी तो जन्मला. बाप लाकडी सामान बनवी. पोराचे खरे नाव गर्शन मेंडेलॉफ.

१९१३ साली तो ब्रिटनचा फेदरवेट विजेता झाला. मग अमेरिका गाठली आणि ३१ ऑगस्ट १९१५ रोजी बोस्टनमध्ये जॅक ब्रिटनला हरवून वेल्टरवेट गटाचे जगज्जेतेपद मिळवले. या दोघांची गाठ पुढे सुटेचना. सारे मिळून वीस वेळा ते लढले! १९१६ साली पद गेले, १९१७ साली परत आले, १९१९ साली नवव्या फेरीत आडवा होऊन लुईसने ते कायमचे गमावले. दातांवर रबरी आवरण बसवून लढणाऱ्या पहिल्या काही जणांत तो होता. मायदेशी परतल्यावर १९२२ साली त्याने आपल्याहून वजनदार कार्पेंटिएशी झुंज घेतली. पहिल्याच फेरीत पंचाने टोकले, उत्तर द्यायला याने मान वळवली आणि तेवढ्यात ठोसा बसला. खेळ खलास.

खरी चूक मात्र रिंगणाबाहेर झाली. मजूर सरकारने बेकारीवरची आपली योजना नाकारली म्हणून ऑस्वल्ड मोस्ले मंत्रिपद सोडून बाहेर पडला आणि १९३१ साली त्याने नवा पक्ष काढला. त्याच्या सभा राखणाऱ्या पोरांना ठोसे शिकवायला लुईस गेला. मी त्याला फितूर म्हणणार नाही; बेकारी हटवतो म्हणणाऱ्याकडे भलेभले ओढले जातात. पण सभा राखायला ज्याला मुष्टियोद्धे लागतात, त्याला तेव्हाच ओळखायला हवे होते.

त्याच साली व्हाइटचॅपेलमधून लुईस पार्लमेंटसाठी उभा राहिला. ज्या गल्ल्यांना त्याचे नाव तोंडपाठ, तिथे मते पडली १५४! कम्युनिस्ट पोलिटलाही तिथे २,६५८ मिळाली होती. गेटसभेत टाळ्या देणारे हात मतपेटीपाशी वेगळा हिशेब करतात. युनियनच्या एका निवडणुकीत मीही तो अनुभव घेतला आहे.

१९३२ साली मोस्ले उघड फॅसिस्ट झाला आणि पुढे ज्यूंवर घसरला. लुईसने त्याची साथ सोडली. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी मोस्लेचे गणवेशधारी त्याच वस्तीतून मिरवणूक काढायला निघाले, तेव्हा केबल स्ट्रीटवर गोदी कामगार आणि ज्यू शिंपी यांनी मिळून अडथळे रचले. पोलिसांना वाट मोकळी करता आली नाही आणि मिरवणूक दुसरीकडे वळवावी लागली. लुईस १९७० साली लंडनमध्ये वारला.