पाठशोधनापासून साम्यतपासणीपर्यंत

दुसऱ्याने लिहिलेले आपल्या नावावर खपविणे याला आपल्याकडे वाङ्मयचौर्य असा भारदस्त शब्द आहे. शब्द भारदस्त असला म्हणजे गुन्हा दूरचा वाटू लागतो. तो दूरचा नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, किंवा त्याच्या लातूरच्या उपकेंद्रात, आज जो विद्यार्थी पीएच.डी.चा प्रबंध सादर करतो, त्याचा प्रबंध परीक्षकांच्या हाती पडण्यापूर्वी एका संगणकीय प्रणालीतून जातो. ती प्रणाली सांगते की यातील इतके टक्के लिखाण अन्यत्र छापलेल्या लिखाणाशी जुळते. हा टक्का आता नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चारही जिल्ह्यांतील सुशिक्षित घरांत बोलला जातो. मुलीच्या गुणांइतकाच सुनेच्या प्रबंधाचा टक्का विचारला जातो. तेव्हा हा टक्का म्हणजे काय, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे कसे पाहावे, याचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम या व्यवस्थेची हकीकत. औरंगाबादच्या विद्यापीठातून विभक्त होऊन नांदेडचे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. त्या काळी प्रबंध म्हणजे कापडी बांधणीचे जाड पुस्तक. एकदा पदवी मिळाली की ते ग्रंथालयाच्या कपाटात जाई आणि बहुधा तेथेच राही. नांदेडचा प्रबंध कोल्हापुरात उतरला किंवा कोल्हापूरचा नांदेडात, तर ते कळण्याला दैवयोगच लागे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘शोधगंगा’ नावाचे प्रबंधांचे भांडार उघडले. कपाटे उघडली तशी जुळणीही दिसू लागली. पुढे २०१८ साली आयोगाने शैक्षणिक सचोटीसंबंधी विनियम काढले, आणि २०१९ मध्ये ‘शोधशुद्धी’ या योजनेखाली विद्यापीठांना तपासणीची प्रणाली पुरविण्यात आली. तिचे पहिले नाव उरकुंड. मराठी कानाला त्यात ‘उरकणे’ ऐकू येते, पण तो स्वीडिश शब्द असून त्याचा अर्थ दस्तऐवज असा आहे. नंतर तिची जागा ड्रिलबिट या भारतीय प्रणालीने घेतली.

विनियमांतील पायऱ्या अशा: दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून आणावे, चाळीसच्या वर साठपर्यंत असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही, साठच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, ऋणनिर्देश, कायद्यांचे मजकूर हे या मोजणीतून वगळावयाचे असतात. सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्यही वगळले जाते.

आता यंत्र करते काय? ढोबळ मानाने सांगावयाचे तर ते मजकुराचे लहान लहान, एकमेकांवर चढणारे तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्याला एक अंकमुद्रा देते, आणि त्या मुद्रा आपल्या साठ्यातील असंख्य मुद्रांशी ताडून पाहते. जेथे मुद्रा जुळतात तेथे रंग भरते. यात बुद्धीचा भाग फारसा नाही. हमालीचा भाग प्रचंड आहे. ‘१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली’ हे वाक्य घ्या. शब्द मोजले तर सोळा भरतात, म्हणजे सवलतीपेक्षा दोन अधिक. मुक्तिसंग्रामावर लिहिणाऱ्या दहा जणांच्या हातून हे वाक्य जवळजवळ असेच उतरेल, आणि त्यांतील एकानेही दुसऱ्याचे काही चोरलेले नसेल. साम्य दाखविणे हे यंत्राचे काम; चोरी ठरविणे हे माणसाचे.

लिखाणाशी लिखाण ताडून पाहण्याची विद्या आपल्या मुलखाला नवी नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, त्या एकमेकींशी ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घुसडू नये असा इशाराही लिहून ठेवला. नाथांपुढचा रोग आजच्या नेमका उलटा होता. आजचा चोर दुसऱ्याचे शब्द आपल्या नावावर घालतो. त्या काळचा भाविक आपले शब्द थोरांच्या नावावर घाली. हिंगोली जिल्ह्यातील नर्सीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदासनाम्याची रचना मिसळली, आणि कोणता ‘नामा’ कोणता हे निवडता निवडता संशोधकांच्या पिढ्या खपल्या. हेतू पवित्र असला तरी घोटाळा तोच: कोण बोलले, हे कळेनासे होते.

याच्या अगदी उलट शिस्त महानुभावांची. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या. पुढे मूळ पोथी धाडीत गेली आणि अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. आठवणी जुळेनात. तेव्हा त्या पंथाच्या लेखकांनी सारे एकजीव करून टाकले नाही. अमुक पाठ हिराइसेचा, तमुक पाठ रामेश्वरबासांचा, असे सांगणाऱ्याच्या नावानिशी भेद नोंदविले. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे या पंथाचे तीर्थस्थान. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याला संदर्भ देण्याची रीत शिकण्यास परदेशी पुस्तकांपर्यंत जावे लागत नाही, असे आम्ही म्हटले तर ती केवळ प्रादेशिक अभिमानाची गोष्ट समजू नये.

या विद्येचा अर्वाचीन कळस म्हणजे पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती. काम १९१९ साली सुरू झाले, १९६६ साली पुरे झाले. सुमारे १,२५९ हस्तलिखिते त्यासाठी पाहिली गेली. चौकटी आखलेल्या कागदावर वर एक श्लोक लिहावयाचा, आणि त्याखाली प्रत्येक पोथीतील फरक अक्षरागणिक आपापल्या चौकटीत भरावयाचा, अशी रीत. संगणक आज जे क्षणांत करतो ते येथे माणसांनी डोळ्यांनी केले. पण या पंडितांच्या जवळ एक सूत्र होते, जे यंत्राजवळ नाही. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ सारखा असला तर त्यावरून फारसे सिद्ध होत नाही. चूक सारखी असली तर त्या एकाच पोथीच्या लेकी. म्हणून पोथ्या मोजावयाच्या नसतात. वीस पोथ्या एकाच आईच्या असतील, तर न्यायासनापुढे साक्षीदार एकच उभा आहे असे समजावे.

आमच्या मते वाङ्मयचौर्याचा खरा अपराध येथे आहे. एखाद्याचे श्रेय बुडाले हे वाईटच. परंतु इतिहासात त्याहून मोठे नुकसान होते. उमरीच्या बँकेवरील १९४८ चा छापा घ्या. त्या काळातील प्रत्यक्ष कर्ते आता बहुतेक राहिले नाहीत. त्यांच्या तोंडचे जे टिपले गेले ते पुस्तिकांत, स्मरणिकांत आणि प्रबंधांत आहे. समजा, एका म्हाताऱ्या सैनिकाने सांगितलेली हकीकत एकाने छापली. दुसऱ्याने ती नाव न देता उचलली. तिसऱ्याने दुसऱ्याकडून घेतली. वीस वर्षांनी येणारा संशोधक म्हणेल, या गोष्टीला तीन स्वतंत्र आधार आहेत. आधार एकच होता. त्या म्हाताऱ्याची तारीख चुकली असेल, तर ती चूक आता तीन साक्षींनिशी सिद्ध झाली. येथे साम्य दाखविणारे यंत्र इतिहासकाराचा मित्र ठरते. तीन साक्षीदार एकाच घरचे आहेत हे ते दाखवून देते.

दाखवू शकले तर, हे मात्र खरे. मराठीत त्याची नजर अधू आहे. आमच्याकडील कित्येक जुने प्रबंध श्रीलिपी, आकृती अशा टंकपद्धतींत टंकलिखित झाले. पडद्यावर मराठी दिसते, आत निराळीच चिन्हे साठविलेली असतात. तोच उतारा एकदा अशा टंकात आणि एकदा युनिकोडमध्ये असेल तर यंत्राला दोहोंत काडीचे साम्य दिसत नाही. मराठीतील असंख्य छापील पुस्तके तर त्याच्या साठ्यात मुळी नाहीतच. शिवाय भाषांतर. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणली. त्यांचे मराठी वाचून, तळटीपेत मात्र मूळ फारसी कागदाचा हवाला देऊन, आपण तो कागद पाहिला असा आव आणणे ही चोरी कोणत्या टक्क्यात सापडणार? तळटीपेची चोरी ओळखण्यास ‘हा कागद तुम्ही कोठे पाहिलात?’ असे तोंडी परीक्षेत विचारणारा परीक्षक लागतो.

या अधूपणाहूनही आम्हांला भय वाटते ते टक्क्याच्या धास्तीचे. धास्तीने विद्यार्थी शब्द बदलतो. एका शब्दाच्या जागी दुसरा घातला की रंग नाहीसा होतो. उद्या कोणी ‘रझाकार’ हा शब्द काढून त्याचा कोशातला अर्थ ‘स्वयंसेवक’ घातला, ‘जहागीर’ काढून ‘वतन’ घातले, तर अहवाल स्वच्छ येईल आणि हैदराबाद संस्थानाच्या इतिहासाची वासलात लागेल. जहागीर निराळी, वतन निराळे. त्या भेदावर शेतकऱ्याचा सारा कोणाच्या घरात जाई हे अवलंबून होते. विचार परका आणि शब्द बदललेले, हे चौर्यच आहे, फक्त अधिक कष्टाचे. आता तर असे शब्द बदलून देणारी, नव्हे, सबंध प्रकरण लिहून देणारी यंत्रेही आली आहेत, आणि एका यंत्राला दुसऱ्याने चकविण्याचा हा खेळ कोठवर जाईल हे सांगवत नाही.

दोष सगळा विद्यार्थ्यावर टाकणे आम्हांला अन्यायाचे वाटते. लातूर पॅटर्नचा लौकिक देशभर झाला. खेड्यापाड्यांतील मुले त्याच्या बळावर डॉक्टर, इंजिनिअर झाली, याचा कोणालाही आनंदच व्हावा. परंतु परीक्षेच्या शिक्षणाची एक सवय असते. उत्तर पुस्तकातल्याप्रमाणे, शक्य तर अक्षरशः, लिहावे, तेच चांगले. बारा-पंधरा वर्षे ज्या गोष्टीबद्दल शाबासकी मिळाली तीच गोष्ट प्रबंधात अपराध ठरते, आणि मधल्या काळात हे कोणी समजावून सांगितलेले नसते. ज्याच्या घरात पहिलाच पदवीधर तो आहे, त्याला अवतरणचिन्हाचा उपयोग घरी कोण सांगणार?

विनियमांनाही हे ठाऊक आहे. त्यांत दंडाच्या आधी शिकविण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. विद्यार्थ्यांना या साधनांचा आणि संदर्भ देण्याचा परिचय करून द्यावा असे सांगितले आहे. आयोगाने २०१९ साली संशोधन-नीतीचा तीस तासांचा, दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रमही पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना घालून दिला. तेव्हा हे यंत्र प्रबंधाच्या शेवटी, नाक्यावरच्या शिपायासारखे, उभे करू नये. पहिले प्रकरण कच्चे असतानाच विद्यार्थ्याच्या हाती द्यावे. अहवाल आला की मार्गदर्शकाने त्याला शेजारी बसवावे, रंगलेली प्रत्येक ओळ मूळ पुस्तकाशी लावून पाहावी आणि विचारावे: हे कोणाचे, तुम्ही कोठून घेतले, त्याने कोठून घेतले? काही ओळींना अवतरणचिन्हे लागतील, काहींना तळटीप. काही निजामाच्या शरणागतीसारख्या निरुपद्रवी म्हणून सोडून द्याव्या लागतील, आणि काही फाडून पुन्हा लिहाव्या लागतील. एका प्रकरणाला अशी एक दुपार पुरते. प्रबंधात प्रकरणे सहा-सातच असतात.