रिओची परिषद आणि पालार नदी

पर्यावरणविषयक जागतिक परिषदांचा भाग वर्गात शिकवून झाला, की एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "पण परिषद संपल्यावर पुढे काय झाले?" प्रश्न रास्त आहे. परिषदांची नावे आणि वर्षे पाठ करून त्याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी परिषदेतला एखादा शब्द कुठे गेला, कोणी वापरला आणि त्याने काय घडले, याचा माग काढावा लागतो.

'शाश्वत विकास' हा असाच एक शब्द. १९७२ साली स्टॉकहोम येथे पर्यावरणावरील पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तेव्हा गरीब देशांना विकास हवा होता, तर श्रीमंत देशांना प्रदूषणाची चिंता होती. ही दोन टोके जोडण्याचा प्रयत्न नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने केला. त्याचा अहवाल १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील पिढ्यांच्या गरजा भागवण्याची क्षमता शाबूत ठेवून आजच्या गरजा भागवणारा विकास, ही शाश्वत विकासाची व्याख्या तेथूनच रूढ झाली.

जून १९९२ मध्ये ब्राझीलमधील रिओ दी जानेरो येथे वसुंधरा परिषद भरली. १७२ देशांची सरकारे आणि शंभरहून अधिक राष्ट्रप्रमुख व शासनप्रमुख तेथे आले. २७ तत्त्वांचा जाहीरनामा आणि ४० प्रकरणांचा 'अजेंडा २१' हा कृतिकार्यक्रम संमत झाला. हवामानबदल आणि जैवविविधता यांविषयीचे दोन करार सह्यांसाठी खुले झाले. हे करार स्वीकारणाऱ्या देशांवर बंधनकारक होते. जाहीरनामा आणि अजेंडा २१ मात्र कोणावरही बंधनकारक नव्हते.

याचा परिणाम लवकरच दिसला. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम विकास साहाय्यासाठी द्यावी, या जुन्या उद्दिष्टाचा रिओत पुनरुच्चार झाला होता. १९९२ मध्ये हे प्रमाण सरासरी ०.३३ टक्के होते. पाच वर्षांनी, १९९७ मध्ये, न्यूयॉर्कला आढाव्यासाठी सारे देश पुन्हा जमले, त्या वर्षी ते ०.२२ टक्क्यांवर उतरले होते. वाढायचे ते घटलेच! मग रिओचे कागद वाया गेले असे म्हणायचे का? त्यासाठी तमिळनाडूत जायला हवे.

पालार नदी कर्नाटकातील नंदी टेकड्यांत उगम पावते आणि आंध्र प्रदेशातून तमिळनाडूत येते. वर्षातील बराच काळ तिचे पात्र कोरडे दिसते. पण वाळूखाली पाणी असते आणि काठच्या विहिरी त्यावर चालतात. वाणियंबाडी, आंबूर, राणीपेट ही या खोऱ्यातील गावे चामड्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहेत. पूर्वी येथे तरवडाच्या सालीसारख्या वनस्पतिज पदार्थांनी कातडी कमावीत. १९७० च्या दशकात अर्धकच्च्या चामड्याच्या निर्यातीवर बंधने आली, तयार चामड्याला उत्तेजन मिळाले आणि क्रोमियमच्या क्षारांनी कातडी कमावण्याची पद्धत पसरली. ही पद्धत जलद. पण तिच्या सांडपाण्यात क्रोमियम उतरते. शिवाय कच्ची कातडी टिकवण्यासाठी लावलेले भरमसाट मीठ धुतल्यावर त्याच पाण्यात जाते. असे खारट पाणी जमिनीत मुरले की पिकांच्या मुळांना पाणी शोषून घेणे अवघड होते आणि विहिरीही खारावतात.

वेल्लोरच्या नागरिकांच्या एका मंचाने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. सुमारे ९०० कारखान्यांचा प्रश्न होता. चामड्याच्या पट्ट्यातील जवळजवळ ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णतः नापीक झाल्याचे न्यायालयापुढे आले. दुसरी बाजूही दुबळी नव्हती. या धंद्यातून देशाला परकीय चलन मिळत होते आणि हजारो लोकांना रोजगार होता.

२८ ऑगस्ट १९९६ रोजी निकाल लागला. न्यायालयाने स्टॉकहोम, ब्रुंटलँड आयोग आणि रिओ यांचा थेट आधार घेतला. विकास आणि पर्यावरण एकमेकांच्या विरोधी आहेत ही कल्पना आता मान्य करता येणार नाही, असे सांगून दोन तत्त्वे देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे जाहीर केले. पहिले सावधगिरीचे तत्त्व: गंभीर हानीची शक्यता असेल, तर वैज्ञानिक खात्री पूर्ण नाही या सबबीवर उपाय लांबवू नयेत, आपला उद्योग निरुपद्रवी आहे हे उद्योजकाने सिद्ध करावे. दुसरे, प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी. त्यात बाधितांच्या नुकसानीबरोबर निसर्ग पूर्ववत करण्याचा खर्चही येतो. ही दोन्ही तत्त्वे रिओच्या जाहीरनाम्यात, १५ आणि १६ या क्रमांकांवर, आहेत. प्रत्येक कारखान्याला १०,००० रुपये दंड झाला, शुद्धीकरणाची सोय सक्तीची झाली आणि नुकसानभरपाई ठरवण्यासाठी प्राधिकरण नेमण्याचा आदेश निघाला.

म्हणजे जो कागद सरकारांवर बंधनकारक नव्हता, तो चार वर्षांत पालारकाठच्या कारखान्यांवर बंधनकारक झाला. हा बदल आपोआप झाला नाही. नागरिकांनी याचिका केली, पाण्याचे व जमिनीचे पुरावे जमवले गेले, वकिलांनी बाजू मांडली. तेव्हा तो झाला.

तरीही कथा येथे संपत नाही. ३० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला वेल्लोर भागातील चामड्याच्या प्रदूषणाबद्दल पुन्हा निकाल द्यावा लागला. बाधितांना भरपाई द्या, ती प्रदूषण करणाऱ्यांकडून वसूल करा, असे त्यात पुन्हा सांगावे लागले. मधल्या २८ वर्षांत तत्त्व कोणी नाकारले नव्हते. अंमलबजावणी अपुरी पडली होती. क्षार आणि क्रोमियम जमिनीत एकदा साठले, की निकालपत्राने ते निघून जात नाहीत, हेही विसरता येत नाही.

वर्गात चर्चेला घेण्यासारखा प्रश्न यातून मिळतो. तयार चामड्याच्या किमतीत कातडे, मजुरी, रसायने, वाहतूक हे सारे धरलेले असते. खारावलेल्या विहिरीची किंमत त्यात कुठे असते? ती किमतीत धरलेली नसेल, तर ती कोणीतरी दुसऱ्याने भरलेली असते. पालारकाठी ती शेतकऱ्याने भरली. आपल्या गावाजवळच्या एखाद्या कारखान्याचा, वीटभट्टीचा किंवा खाणीचा असाच हिशेब विद्यार्थ्यांना मांडायला सांगावा. 'शाश्वत विकास' या शब्दाचा अर्थ त्या हिशेबाच्या वहीत त्यांना सापडेल.